अमेरिकेचा सुपडू

हौशी नाटकवाले म्हातारे झाले की त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांवर निदान तेल तरी चोळता येतं! आम्ही जुनी मंडळी अजूनही संध्याकाळी जळगावला चहाच्या टपरीवर जमतो. कुठल्या नाटकाला कितवा नंबर आला ते एकालाही आठवत नाही. पण कोण कुठे तोंडावर आपटला ते सगळ्यांना आठवतं, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्तच आठवतं.

मी कधी नट नव्हतो बरं का. दिवसा बँकेत क्लार्क आणि संध्याकाळी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटकातला असा एकच माणूस, ज्याचा आवाज ऐकू आला की लोक त्याला शिव्या घालतात. त्यामुळे मी जे सांगतो ते विंगेतून पाहिलेलं. त्यातही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही जे अमेरिकन नाटक केलं, त्याचे किस्से काही संपत नाहीत.

* * *

ते नाटक आणलं देवरे सरांनी. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि आमची नाटकं बसवायचे. एकदा सुट्टीत पुण्याला गेले आणि येताना एक जाड पुस्तक घेऊन आले. लेखक अमेरिकेतला, फार मोठा. त्याचं नाव आम्ही प्रत्येक जण वेगळं उच्चारायचो, म्हणून इथे घेत नाही. उगाच त्याला त्रास.

गोष्ट साधी होती. एक म्हातारा, त्याची सफरचंदांची बाग, बायको आणि शहरात जायला निघालेला एक मुलगा. म्हाताऱ्याला मुलाला "जाऊ नको" म्हणायचं असतं, पण तो शेवटपर्यंत म्हणत नाही. मुलगा जातो. म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या प्राण सोडतो. बायको चहा घेऊन येते आणि त्याला हाक मारते. पडदा.

सरांनी सफरचंदांची केळी केली. जळगावात दुसरं काय करणार! म्हाताऱ्याचं नाव ठेवलं सुपडू. "मातीतलं नाव पाहिजे," असं सरांचं म्हणणं. खानदेशात सुपडू नावाची माणसं काही कमी नाहीत.

म्हाताऱ्याचं काम बाळूभाऊंकडे आलं. बाळूभाऊ एसटी डेपोत कंट्रोलर. गाड्यांची अनाउन्समेंट करून करून आवाज असा तापलेला, की माइक बंद असला तरी भुसावळची गाडी कोणाची चुकायची नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, हा अमेरिकेतला म्हातारा म्हणजे नक्की कसा?"

"आपल्या म्हाताऱ्यांसारखाच हो. फक्त कमी बोलतो."

"मग आपल्यासारखा कुठे झाला!" बाळूभाऊ म्हणाले.

* * *

बायकोच्या कामाला बाई मिळेना. त्या काळी आमच्याकडे हे कायमचंच रडगाणं. बाहेरगावाहून बाई आणायची तर जाण्यायेण्यापासून सगळं बघावं लागायचं, आणि ती आली तरी तिला आमची बोली यायची नाही.

शेवटी मुलींच्या शाळेतल्या सुमनताई स्वतःहून आल्या. कॉलेजात असताना नाटकं केली होती, लग्नानंतर सगळं बंद. वाचनाला बसल्या आणि पहिलं पान संपायच्या आत सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई खरीच नटी होती! वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, मला हे काम करायचंय. खूप करायचंय. पण घरी आबांना विचारावं लागेल."

आबा म्हणजे त्यांचे सासरे. भडगावकडचे. बायको गेल्यावर शेती धाकट्याकडे सोपवून जळगावला मोठ्या मुलाकडे राहायला आलेले. सुमनताईंचा नवरा स्वभावाने गरीब. त्याने "तुम्ही दोघं बघून घ्या" म्हणून अंग काढून घेतलं. आबांनी परवानगी दिली, पण अट घातली. "तालीमले मी बठसू," म्हणाले.

आणि खरंच बसायला लागले! आमची तालीम सरकीच्या एका रिकाम्या गोदामात चालायची. दाराशी लोखंडी खुर्ची टाकून, काठीवर दोन्ही हात ठेवून आबा बसायचे. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. तालीम संपल्यावर सुमनताईंनी बोलावलं की "उनू, उनू", म्हणजे आलो, आलो, म्हणत उठायचे. त्यांच्यासमोर सिगारेट ओढायची पंचाईत झाली. शिव्या बंद झाल्या. बाळूभाऊ तर म्हणायचे, "नाटक राहू द्या, आपण सगळे कीर्तनकार होऊन बाहेर पडणार!"

* * *

मूळ नाटकात म्हातारा सारखा झुलत्या खुर्चीत बसलेला असतो. ही असली खुर्ची आमच्यापैकी कोणीच प्रत्यक्षात पाहिलेली नव्हती. सरांनी सुताराला बोलावून समजावलं. खाली दोन वाकडे पाय, माणूस बसला की खुर्ची आपोआप झुलते. सुतार म्हणाला, "समजलं."

खुर्ची आली. सुरेख झाली होती, शिसवी पॉलिश वगैरे. बाळूभाऊ ऐटीत बसले आणि खुर्ची झुलायला लागली. डावीकडून उजवीकडे!

सर ओरडले, "अहो, पुढे-मागे झुलते ती!"

सुतार शांतपणे म्हणाला, "माझ्या घरात पाळणा आहे, तो असाच झुलतो. पुढे-मागे झुलवलं तर पोर पडेल ना."

दुसरी करायला वेळ नव्हता. बाळूभाऊंनी आख्खं नाटक आडवं झुलत केलं. पुढे नाट्यस्पर्धेत एका परीक्षकाने सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "म्हाताऱ्याच्या मनाची द्विधा अवस्था तुम्ही खुर्चीतून दाखवलीत. वा!" सरांनी मान खाली घालून ते कौतुक स्वीकारलं. काय करणार!

* * *

आबा पहिले काही दिवस नुसते ऐकायचे. मग त्यांना नाटक चढायला लागलं.

मुलाचं काम राजू करायचा. औषधांच्या दुकानात कामाला होता. नाटकात तो बापाला म्हणतो, "या बागेत तुमचं आयुष्य गेलं, माझं नाही जाणार!" एके दिवशी त्याने हे वाक्य जरा जोरात टाकलं, आणि दाराकडून काठी आपटली.

"बापशी असं बोलस का रे?"

सरांनी आबांना समजावलं की हे नाटकातलं आहे, लेखकाने लिहिलंय. आबांनी विचारलं, "त्या लेखकले बाप व्हता का नही?"

पण गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी राजूने घाबरून तेच वाक्य हळू म्हटलं. परत काठी आपटली. "काल चांगलं बोलना व्हता. आज काय व्हयनं?" तेव्हापासून राजूचा दिग्दर्शक कोण, हा प्रश्नच उरला नाही. सर कधी तालमीला उशिरा आले तर आबा घड्याळ नसलेल्या स्वतःच्या मनगटाकडे बघायचे. सुमनताई तेव्हा पदराआड हसायच्या. सासरे आपल्या बाजूने आहेत हे बघून बाई खुलली होती, रोज नवं काहीतरी करून दाखवत होती. आम्हाला वाटलं, आता काही अडत नाही.

* * *

शेवटचा प्रवेश आम्ही सगळ्यात शेवटी बसवायला घेतला. सरांनी त्यात एक कल्पना लढवली होती, आणि ती खरोखर चांगली होती. मूळ नाटकात ती बाई नवऱ्याला उठता-बसता नावाने हाका मारते. तिकडे तशी रीतच. सरांनी आपल्या नाटकात तिला सगळीकडे "अहो" म्हणायला लावलं. फक्त शेवटी, नवरा खुर्चीत गेलाय हे कळल्यावर, ती जन्मात पहिल्यांदा त्याचं नाव घेते. आख्ख्या नाटकात ते नाव तेवढं एकदाच. "सगळं नाटक त्या एका हाकेसाठी आहे," सर म्हणाले.

बाळूभाऊ मेले. सुमनताई कपबशी घेऊन आल्या. "अहो," म्हणाल्या. "अहो, चहा." आणि गप्प.

मला वाटलं विसरल्या. मी पुस्तकात बघून हळूच म्हणालो, "सुपडू." त्या गप्प. मी जरा मोठ्याने म्हणालो, "सुपडू!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता रडतील. मी आपला इमानदार प्रॉम्प्टर! गोदाम दणाणेल असा ओरडलो, "सुपडू!"

दाराशी आबा उठून उभे राहिले होते.

"मन्हं नाव कोन लेस रे?"

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्यांचं नाव विचारायची वेळच कधी आली नव्हती. आबा काठी टेकत बाहेर पडले. सर डोक्याला हात लावून म्हणाले, "सुमनताई, अहो, आधी सांगायचं नाही का तुम्ही!"

"कसं सांगणार सर?" सुमनताई म्हणाल्या. "सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं ना!"

* * *

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नाव बदलायचं. आम्हीही तेच म्हटलं. पण संहिता मुंबईहून सेन्सॉर होऊन, शिक्का लागून आली होती, आणि शिक्क्याच्या संहितेतलं अक्षर हललं तर स्पर्धेतून बाद, अशी सरांची पक्की समजूत. ब्रह्मदेव आला असता तरी त्यांनी सुपडूचा दगडू केला नसता.

आबा तालमीला यायचे बंद झाले. घरी सुनेला एवढंच म्हणाले, "नाटक कर. पन ते नाव तुन्हा तोंडमा नको. आयकू उनं, तं नाटक बंद." त्यात राग नव्हता, असं सुमनताई सांगायच्या. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

"एक तर ती हाक सोडायची, नाहीतर नाटक सोडायचं," त्या म्हणाल्या. "आणि हाक सोडली तर मी काय काम केलं हो? इतक्या वर्षांनी स्टेजवर उभी राहतेय मी." मला तर स्वतःच्या गळ्याचाच राग आला होता. त्या दिवशी जरा हळू ओरडलो असतो तर!

सरांनी तोडगा काढला. चाळीसगावला गणेशोत्सवात एक प्रयोग ठरला होता. तिथे सुमनताईंनी नाव घ्यायचं नाही, नुसता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बघू कसं होतं.

* * *

चाळीसगावचा प्रयोग म्हणजे स्वतंत्र महाभारत. केळीची खरी झाडं पाहिजेत म्हणून आम्ही दोन खोडं घडासकट उपटून टेम्पोत घातली. पाचोऱ्याला चहाला थांबलो तर एक व्यापारी टेम्पोपाशी येऊन घड दाबून बघायला लागला. सर म्हणाले, "विकायचे नाहीत हो, नाटकाचे आहेत."

"असू द्या की," तो म्हणाला. "नाटक झाल्यावर द्या!"

द्यायला काही उरलं नाही. पुढच्या वाटेत आमच्याच मंडळींनी घड जवळजवळ संपवले. प्रयोगात बाळूभाऊंनी अभिमानाने हात केला, "बघ पोरा, काय लगडलीये बाग!" आणि बघतात तर घडाला चार केळी. क्षणभर थांबून त्यांनी जोडून दिलं, "वानरं फार झालीत यंदा."

मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याने रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगितलं होतं, "थेट अमेरिकेचं नाटक!" गोरी माणसं बघायला मिळणार म्हणून ही गर्दी! पडदा उघडला. धोतर नेसलेले बाळूभाऊ आडवे झुलत होते. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, "हाऊ तं आपला एसटीवाला शे!"

त्यात सरांचे पॉज. अमेरिकन लेखकाने पानापानावर पॉज लिहिलेले. पॉज म्हणजे किती थांबायचं, असं बाळूभाऊंनी विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, मनात दहापर्यंत मोजा. बाळूभाऊ इमानाने मोजायचे. ओठ हलायचे, कधी कधी बोटंही. पब्लिकमधून कोणीतरी ओरडलं, "इसरना रे इसरना!" मीही घाबरलो आणि विंगेतून पुढचं वाक्य फेकलं. बाळूभाऊ गप्प. परत फेकलं. तेव्हा हा माणूस भर स्टेजवरून माझ्याकडे वळून काय म्हणाला असेल?

"माहीत शे रे! पॉज चालू शे!"

हे सगळं चालून गेलं. लोक हसले, आम्हीही हसलो. चाललं नाही ते शेवटी. सुमनताईंनी "अहो, चहा" म्हटलं, खांद्यावर हात ठेवला, पडदा पडला. आणि लोक उठेचनात! बसूनच राहिले. बऱ्याच वेळाने त्या आजीबाईंनी विचारलं, "मंग, बुढा उठना का नही?"

सर स्टेजमागे खोक्यावर बसले होते. "नाटक संपलंच नाही," म्हणाले. सुमनताईंनी ते ऐकलं.

* * *

आता धुळ्याचं सांगतो.

स्पर्धेची फेरी धुळ्याला होती. सकाळीच पोचलो, सेट लावला, या वेळी केळ्यांवर राजूला पहाऱ्याला बसवलं. सुमनताई मेकअपला बसल्या. सर त्यांच्या मागे दोनदा येऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा हाकेचं न विचारताच परत गेले.

तिसरी घंटा व्हायला थोडा वेळ होता. मी पडद्याच्या फटीतून हॉल किती भरला ते बघत होतो. परीक्षकांच्या मागच्या रांगेत पांढरी टोपी दिसली. काठीवर दोन्ही हात. आबा! भडगावहून की जळगावहून, कुठल्या गाडीने आले, कोणाला पत्ता नाही.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सरांचा चेहरा पडला. एवढा शिक्क्याला चिकटलेला माणूस, पण सुमनताईंकडे जाऊन म्हणाला, "ताई, राहू द्या. खांद्यावर हातच ठेवा. नंबर गेला खड्ड्यात! तुमचं घर महत्त्वाचं."

सुमनताई कपाळावर कुंकू लावत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "आबा आलेत?"

"हो."

"कुठे बसलेत?"

सरांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कुंकू पूर्ण केलं.

नाटक सुरू झालं. त्या दिवशी सगळंच जमून येत होतं. पॉज घेतले तर हॉल शांत राहत होता. राजूने बापाला ते वाक्य सुनावलं तेव्हा मी आपोआप काठीची वाट बघितली. काठी वाजली नाही. मुलगा निघून गेला. बाळूभाऊंनी मान टाकली. खुर्ची आडवी झुलत झुलत थांबली.

सुमनताई कपबशी घेऊन आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, चहा."

मी विंगेत पुस्तक उघडून उभा. बोट त्या शब्दावर. तोंड मात्र गच्च मिटून घेतलं होतं, काही झालं तरी आज माझ्या घशातून ते नाव निघणार नव्हतं. समोरच्या विंगेत सरांनी डोळे मिटले होते. पडदा ओढणारा दोरीला हात घालून माझ्याकडे बघत होता, ओढू का म्हणून. मी त्याला मानेनेच थांब म्हटलं.

सुमनताईंनी कपबशी खाली ठेवली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग हात काढून घेतला. दोन पावलं मागे सरकल्या आणि समोर अंधारात, जिथे लोक बसले होते, तिथे बघायला लागल्या.

"सुपडू," त्या म्हणाल्या.

रडून नाही, ओरडून नाही. दिवेलागणीला अंगणात रमलेल्या पोराला घरात बोलवावं, तशी हाक मारली त्यांनी. त्यांनी थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, हाक मारली, "सुपडू!"

"ओ!"

बाळूभाऊ तर मेलेले होते. आवाज स्टेजवरचा नव्हता. परीक्षक खुर्चीत वळून मागे बघायला लागले. आबा उभे राहिले होते. टोपी काढून हातात घेतलेली, काठी कुठे पडली होती कोण जाणे.

"उनू वं माय," ते म्हणाले. "उनू!"